जांभळीखालची जागा

"मग मासा आहे तरी कुठे?"

खुशालरावांनी तिसऱ्यांदा विचारलं. डोमाबुवांनी पाण्यावरची नजर काढली नाही.

डोमाबुवा म्हणजे आमच्या गावतलावावरचे म्हातारे ढिवर. सगळा जन्म मासे धरण्यात गेला. आता जाळं ओढवत नाही, म्हणून जांभळीखाली गळाची एक काठी घेऊन बसतात. गावातली शिकलेली माणसंसुद्धा त्यांना बुवा म्हणतात. का, ते कुणालाच सांगता येणार नाही.

खुशालराव कापगते माझे शेजारी. भिंतीला भिंत. पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले. तालुक्यातल्या साऱ्या तलावांची खोली त्यांना तोंडपाठ. पूर्वी ती ऐकवल्याशिवाय चहा द्यायचे नाहीत. त्यांच्या पत्नी वारल्या, त्याला तीन वर्षं झाली. आता चहाला कुणी जात नाही. मीच कधी वाटीत काही घेऊन जाते. ते दार अर्धं उघडतात, वाटी घेतात, दार लावतात.

मी घाटावर गोधड्या धूत होते. वैशाखातली सकाळ, आठ वाजले असतील. शेवटची गोधडी धुऊन झाली होती, पण मी ती पुन्हा भिजवली.

"नऊ दिवस झाले, बुवा. पाच तलाव पालथे घातले. बोटाएवढा मासा लागला नाही."

"पाच?"

"पाच. एकेक दिवस, कुठे दोन दिवस. उन्हाळ्यात पाणी आटतं, मासा खोलात जातो. साधा हिशोब आहे. या तलावाचं सगळ्यात खोल पाणी त्या कोपऱ्यात, पाणी सोडायच्या दरवाज्यापाशी. चौदा फूट. मी स्वतः मोजलंय. काल दिवसभर तिथे बसलो."

"मंग?"

"काही नाही."

डोमाबुवा थोडं हसले. "नोंद बराबर हाये जी तुमची. मासे वाचत नाईत."

मला हसू आलं. मी गोधडी आपटली.

खुशालरावांनी माझ्याकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. पण पाण्यावरून आवाज चांगला येतो.

"रविवारी कल्याणी येणार आहे."

"पोरगी?"

"हो. हैदराबादेला असते. गोंदियाला लग्नाला चाललीय. वाटेत एक दुपार थांबणार. तिची आई तलावातले बारके मासे तळायची... कल्याणी लहानपणी ताटावरून उठायची नाही."

"बजारात भेटतात ना."

"ते बर्फातले. तिची आई ते घरात येऊ द्यायची नाही." ते थांबले. "तीन वर्षांत पहिल्यांदा येतेय, बुवा."

हे मला माहीत होतं. भिंत पातळ आहे. महिन्या-दोन महिन्यांनी त्यांचा फोन लागतो. एकच वाक्य ऐकू येतं. "कधी येतेस?" तिकडून काहीतरी बोलणं होतं. मग "बरं." मग टीव्ही.

डोमाबुवा उठले. आपली गोणपाटाची घडी तिथेच राहू दिली.

"बसा."

"इथे?"

"मासा पाहिजे ना तुमाले? इथी बसा."

खुशालराव बसले. आपली नवी कोरी फायबरची काठी काढली, गळाला गांडूळ लावलं. नजर पाण्यावर. पण एक सांगायलाच पाहिजे, ते बसले तरी बसल्यासारखे दिसत नव्हते. एक गुडघा सारखा हलत होता.

"इथे तर तीनच फूट पाणी आहे," ते म्हणाले.

"तीनई नसन."

"मग मासे कसे येतील?"

डोमाबुवांनी कमरेची पिशवी सोडली. तिच्यात धानाचा कोंडा होता. त्यात थोडं पाणी घालून त्यांनी लिंबाएवढा गोळा वळला आणि खुशालरावांच्या समोरच हळूच पाण्यात सोडला.

क्षणभर काही नाही...

मग पाणी खालून हलायला लागलं. चाळीस-पन्नास बारके मासे. चांदीच्या टिकल्या सांडाव्यात तसे. मी घाटावरून मान लांब करून बघत होते.

खुशालराव पुढे वाकले. "हीच जागा! हीच मला हवी होती. कशी शोधली तुम्ही?"

"शोधली नाई."

"म्हणजे?"

"होळी झाली, तवापासून रोज येतो. याच टायमाले. कोंडा टाकतो."

"आणि रोज पकडता?"

"पयला सव्वा महिना गळ आणलाच नाई."

"सव्वा महिना? नुसता कोंडा?"

"नुसता."

"मग तुम्हाला काय मिळालं?"

डोमाबुवांनी हाताचा कोंडा झटकला. दोन पोरगे त्यांचे, एक नागपूरला, एक सुरतेला. बायको केव्हाच गेली.

"घरी एकलाच असतो जी," ते म्हणाले. "सकाळी कुठी तरी जाव लागते ना."



मग डोमाबुवांनी आपला रिकामा हात मनगटापर्यंत पाण्यात सोडला. मासे आले. बोटांमधून फिरले, नखांना टोचू लागले.

खुशालरावांनीही हात घातला. झटकन.

पाणी रिकामं झालं.

"तुमच्या हातात काही होतं?" खुशालरावांनी विचारलं.

"नाई. तुमच्या?"

"माझ्याही नाही."

"हं..."

तेवढ्यात खुशालरावांचा फोन वाजला. ओला हात त्यांनी पँटला पुसला. नाव बघून उभेच राहिले. त्यांना कानाला धरून नीट ऐकू येत नाही, म्हणून स्पीकर लावतात. मला चांगलंच झालं.

"बाबा, ऐका ना. रविवारचं जमत नाहीये. सगळ्यांनी मिळून एकच गाडी केलीय, ती सरळ गोंदियाला जाणार. मध्ये थांबायला कुणी तयार नाही."

खुशालरावांनी फोन तोंडाजवळ धरला.

"अगं पण... मग कधी ये..."

डोमाबुवांनी त्यांचा मोकळा हात धरला. तळहात उघडला. त्यावर कोंड्याचा एक ओला गोळा ठेवला आणि त्यांची बोटं मिटवली.

खुशालराव त्या मुठीकडे बघत राहिले.

"बाबा? ऐकू येतंय का?"

"येतंय."

"रागावलात?"

"नाही... जेवलीस का?"

 मला वाटलं फोन कट झाला.

"सकाळचे साडेआठ वाजलेत, बाबा."

"हो, हो. तेच. नाश्ता. नाश्ता केलास का?"

"उपमा खातेय." मग जरा थांबून, "थोडा करपलाय."

"तुझ्या आईचाही करपायचा."

"आईचा? कधी?"

"नेहमी. वरचा वरचा तुला वाढायची. तळचा मी खायचो."

तिकडून हसण्यासारखं काहीतरी आलं. हसणंच होतं असं नाही सांगत मी. मग ती म्हणाली, ऑफिसची बस आली, ठेवते. आणि फोन बंद झाला.

खुशालरावांनी फोन खिशात टाकला. मुठीतून कोंड्याचं पाणी गळत होतं, त्यांच्या चपलेवर.

मग हळूच खाली बसले. मूठ पाण्यावर नेऊन उघडली. या वेळी हात झटकला नाही. गोळा बुडाला, फुटला. एक मासा आला... मग दोन. डोमाबुवांच्या वेळचे चाळीस काही आले नाहीत.

"येत नाही ती," खुशालराव म्हणाले. "आता मासे धरून तरी काय करू, बुवा?"

डोमाबुवांनी आपल्या काठीची दोरी गुंडाळली. पिशवीतला उरलेला कोंडा खुशालरावांच्या पायाशी ठेवला आणि तलावाची पाळ चढायला लागले. वर जाऊन थांबले.

"उद्या याच टायमाले या. गळ घरीच ठेवजा."