बटणाचा ट्रॅक्टर

फार जुनी गोष्ट नाही. चिकूच्या एका बागेत एक म्हातारा, बुटका ट्रॅक्टर होता. हरबाकाका दोरी ओढून त्याला सुरू करायचे. दोरी जड लागली की आधी तेल बघायचे.

"मामंजी, किती धापा टाकता! बटण बसवून घेऊ," सून काळजीने म्हणाली. बटण बसलं, दिवेही लागले.

"सुटलो तुझ्या हिसक्यांतून!" ट्रॅक्टर दोरीला म्हणाला.

"अरे, तुझं दुखणं माझ्यातूनच त्यांच्या हाताला कळायचं."

"मला कसलं आलंय दुखणं?"

पुढे तेल आटलं, पोटात घासू लागलं. काकांनी बटण दाबलं. तो सुरू झाला. "काका, तेल बघा ना!" तो कळवळला, पण यंत्रांचं बोलणं माणसांना कुठे ऐकू येतं?

बागेच्या मधोमध इंजिन कायमचं जाम झालं. दिवे मात्र लख्ख जळत होते. काकांनी तापलेल्या बॉनेटवर हात ठेवला.

"बोलला का नाहीस रे, गड्या?"