वजा वीस

“पण बाई, माझी वजाबाकी चुकली कुठे?”

डॉक्टर सारंग टिपणीसने खाली न बसताच विचारलं.

द्वारकाबाई ओसरीवर मेथी निवडत होत्या. चौतीस वर्षं त्या बाळंतिणींच्या वॉर्डात सिस्टर होत्या. कितीतरी शिकाऊ डॉक्टरांना त्यांनीच बीपी घ्यायला शिकवलं. सारंग त्यांतला सगळ्यांत हुशार. हे सारंगलाही ठाऊक होतं.

“काय झालं ते सांग.”

“वैजयंता घुगे. आठवा महिना. वजन एकशे दोन किलो. नेहमीचा पट्टा तिच्या दंडाला लहान पडत होता. लहान पट्टा बीपी वाढवून दाखवतो... हे तुम्हीच शिकवलंत.”

“शिकवलं.”

“वरचं दीडशे आलं. मी वीस वजा केले. एकशे तीस लिहिलं आणि तिला घरी पाठवलं.”

“मोठा पट्टा नव्हता?”

“...होता. कपाटात.”

“कपाटाला कुलूप होतं?”

“नव्हतं.”

बाईंनी मेथी बाजूला सारली.

“मग?”

“चौथ्या दिवशी झटके आले तिला. ती वाचली... पोटातलं बाळ गेलं.”

बाई उठल्या. आतून आपलं बीपीचं यंत्र घेऊन आल्या.

“बस. पाठ टेक. पाय जमिनीवर ठेव.”

सारंग बसला. बाईंनी टेपने त्याच्या दंडाचा घेर मोजला. दोन पट्टे होते, त्यांतला एक निवडून बांधला. हाताखाली उशी सरकवली.

“बाई, मी काय म्हणतो...”

“बोलू नकोस.”

पाच मिनिटं गेली. सारंगचे डोळे भरून आले.

बाईंनी हवा भरली. हळूहळू सोडली. पट्टा उलगडला. आकडा काही सांगितला नाही.

“हं. आता बोल.”

“पट्टा पुरेना, तेव्हा मी म्हटलं... दोन पट्टे जोडावे लागणार बहुतेक. खोलीतले सगळे हसले. मीही हसलो.”

“आणि ती?”

“ती काहीतरी सांगणार होती. तोंड उघडलं होतं तिने. मग दंडावर पदर ओढला आणि उठून गेली.”

“काय सांगणार होती?”

“मी विचारलं नाही... नंतर तिच्या सासूकडून कळलं. दोन दिवस डोकं ठणकत होतं. डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. बीपी चढल्याचीच लक्षणं ती.”

बाईंनी पट्टा गुंडाळून यंत्राजवळ ठेवला.

“बीपी घेण्यात तुला पैकीच्या पैकी मार्क मीच दिले होते रे,” त्या हळूच म्हणाल्या.

सारंगने मान खाली घातली.

“उद्या जाणार आहे तिच्याकडे. माफी मागणार आहे. पण बाई... सुरुवात कशी करू? काय सांगू तिला?”

“तू थांब जरा,” बाई म्हणाल्या. “तिचं सांगून व्हायचंय अजून.”