वेळेवर आलेला वाटा

एका बंदरावर भिवशेट खातू नावाचे एक व्यापारी राहत होते. नारळ-सुपारीचा त्यांचा धंदा बेताचाच होता, पण घरात पैसा बख्खळ होता. तो आला होता गलबतांच्या पत्त्यांमधून. त्या काळी एकट्याच्या बळावर गलबत बांधणं फार थोड्यांना झेपे. म्हणून दहा-वीस जण मिळून पैसा घालत आणि ज्याचा जेवढा पैसा, तेवढी त्याची पत्ती. आज आपण शेअर म्हणतो, तेच हे. गलबत माल घेऊन उत्तरेच्या बंदरांना जाई. साल सरताना, अक्षय्य तृतीयेला, नफ्याचा वाटा पत्तीदारांच्या हातात पडे.

भिवशेटांची ख्याती होती ती सबुरीबद्दल. एका साली गलबतं बुडाल्याची आवई उठली. पत्तीदारांची पाचावर धारण बसली. जो तो मिळेल त्या भावाने पत्ती विकायला धावला. भिवशेट तेवढे आपल्या वखारीच्या ओट्यावर सुपारी कातरत बसून राहिले, आणि जे विकायला आले त्यांच्या पत्त्या त्यांनी शांतपणे घेऊन टाकल्या. काही दिवसांनी सगळी गलबतं धडधाकट परत आली. तेव्हापासून बंदरात कोणी भिवशेटांना विचारल्याशिवाय पत्ती घेईना की विकेना.

रोज संध्याकाळी त्या ओट्यावर पत्तीदार जमत. कोणी म्हणे, तांडेल पाहून पत्ती घ्यावी, कारण गलबत चालवणारा तोच. कोणी म्हणे, लाकूड पाहून घ्यावी. कोणाला नवं गलबत बरं वाटे, कोणाला दर्या पाहिलेलं जुनं. सगळ्यांचं बोलून झालं की भिवशेट अडकित्ता खाली ठेवत.

"गलबत बघूचा नाय, वाटो बघूचो," ते म्हणत. "ज्येचो वाटो कधी चुकणा नाय, तां गलबत भरवशाचा. तेची पत्ती घेवची आणि धीर धरून बसूचा."

धीर धरून बसणं त्यांना चांगलं जमे. किनाऱ्यावर उतरून गलबत पाहणं मात्र त्यांनी जन्मात केलं नव्हतं. खाली चिखल असे, आणि मासळीचा वास त्यांना सोसत नसे.

त्या बंदरात दोन गलबतं नावाजलेली होती. एक लक्ष्मीप्रसाद, दुसरं कमळजा. भिवशेटांच्या दोन्हींत पत्त्या होत्या. एका साली कमळजाचा तांडेल इस्माईल ओट्यावर आला आणि म्हणाला, या साली वाटा नाही, सगळा पैसा तळाच्या नव्या फळ्यांत गेला. भिवशेटांनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्याच दिवशी आपल्या पत्त्या विकल्या. त्यांनी विकल्या म्हणून सगळ्यांनी विकल्या. कमळजाच्या पत्तीला कोणी विचारीना. शेवटी त्या पत्त्या पाण्याच्या भावाने इस्माईलच्याच भाऊबंदांनी घेतल्या.

पत्तीदारांनी यातून बोध घेतला की भिवशेटांची नजर पक्की. बंदरातल्या तांडेलांनी वेगळाच बोध घेतला. काहीही होवो, वाटा नाही असं म्हणून त्या ओट्यावर जायचं नाही.

लक्ष्मीप्रसादचा वाटा कधी चुकला नव्हता. दुभत्या गाईच्या लाथाही गोड लागतात, इथे तर लाथही नव्हती. भिवशेटांच्या शब्दावर निम्म्या बंदराने त्यात पैसा घातला होता. आवडाबाई नावाच्या एका विधवेने तर नवऱ्यामागे राहिलेलं सगळं त्या एका पत्तीत ठेवलं होतं. वर्षाच्या वाट्यावर त्यांचं पोट चाले.

पुढे एका श्रावणात, गलबतं पावसासाठी किनाऱ्यावर ओढून नारळीच्या झापांनी शाकारलेली असताना, लक्ष्मीप्रसादचा तांडेल लखमा भीत भीत ओट्यावर आला. पत्तीदार बसलेले होते. आवडाबाईही कडेला होत्या.

"शेटनू, तळाक कीड लागली हा," लखमा म्हणाला. "वरसून फळी बरी दिसता, पन सुरी घातली तर मुठीपर्यंत जाता. एक फळी काढून ठेवलंय. एकदा खाली येवन बगा. येत्या सालचो वाटो सोडलास, तर लाकूडवालो फळये आजच देता."

सगळे भिवशेटांकडे पाहू लागले. बोलल्या त्या फक्त आवडाबाई.

"एक साल मी पेजेर काढीन," त्या म्हणाल्या. "गलबत टिकाक व्हया."

भिवशेटांनी मनात हिशेब केला. लक्ष्मीप्रसादचा वाटा चुकला तर उद्या पत्तीचा भाव कोसळणार होता, आणि त्याहून वाईट म्हणजे, भिवशेटांचा शब्द चुकला असं पोरंसोरं म्हणणार होती. मग त्यांना ते आवईचं साल आठवलं. तेव्हाही लोक असेच घाबरले होते. तेव्हाही बुडणार बुडणार असंच सगळे म्हणत होते. लखमाचं बोलणं त्यांना त्याच जातीचं वाटलं. हातच्या काकणाला आरसा नको होता, किनारा हाकेच्या अंतरावर होता, पण ते उठले नाहीत.

"आवडाबाय, तुमी असा म्हणतास, ह्यो तुमचो मोठेपणा," ते म्हणाले. "पन ज्येचा पोट पत्तीवर, तेच्या तोंडातलो घास मी काढूचंय नाय."

बोलणं मोठं देखणं होतं. माना डोलल्या. विधवेचं नाव पुढे करून श्रीमंतांचा वाटा सुखरूप राहिला. जी वाटा सोडायला तयार होती, तिला कोणी पुन्हा विचारलंसुद्धा नाही.

भिवशेट लखमाकडे वळले. "एक साल काढ. पुढच्या साली बगू. आणि तुका जमणा नसात तर तसा सांग. बंदरात तांडेल तू एकलोच नाय."

लखमाच्या घरी खाणारी तोंडं पुष्कळ होती. त्याने काढलेल्या फळीच्या जागी एक जुनी फळी बसवली, फटींत कापूस ठासला, वर राळ लिंपली आणि सबंध तळाला माशाच्या तेलाचे हातावर हात दिले. नारळी पौर्णिमेला लक्ष्मीप्रसाद पाण्यात उतरलं तेव्हा ते चकाकत होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. काढलेली ती एक फळी मात्र किनाऱ्यावर एका खडकाला टेकून तशीच राहिली. ती पाहायला कोणी आलं नाही.

त्या साली गलबताने खेपा नीट केल्या. ओट्यावर लोक म्हणू लागले, बघा, लखमा उगाच बोंबलत होता. भिवशेट नुसते हसत.

भिवशेटांना वासू नावाचा एकुलता एक मुलगा होता. मिसरूड फुटलं होतं, अंगात हुशारी होती. बापाचा प्रत्येक शब्द तो वेदवाक्य मानी. होळी झाल्यावर भिवशेटांनी ठरवलं की सालाच्या शेवटच्या खेपेला त्याला पाठवायचं. उत्तरेच्या बाजारात माल कसा विकतात ते त्याने डोळ्यांनी पाहावं.

"धाडतासच तर कमळजार धाडा," वासूची आई म्हणाली. "तेच्यो फळये नव्यो आसत."

"माझ्याच पोराक मी दुसऱ्या गलबतार धाडलंय, तर लोक काय म्हणतले?" भिवशेट म्हणाले.

धक्क्यावर लखमाने वासूचं गाठोडं पाहिलं आणि तो भिवशेटांजवळ आला. "शेटनू, पोर या खेपेक नको," तो हळूच म्हणाला.

भिवशेटांना वाटलं, हा अजून फळ्यांचंच रडगाणं गातो आहे. त्यांनी त्याच्याकडे पाठ केली आणि मुलाच्या खांद्यावर हात ठेवला. "आपल्या नावाक जप," ते म्हणाले. "तू या गलबतार दिसलंस काय लोकांचो भरवसो वाढता."

वासूने मान हलवली. घरी परतताना भिवशेटांना लखमाची ती सुरी एकदा आठवली. मुठीपर्यंत जाता, म्हणाला होता. त्यांनी ती आठवण बाजूला सारली. घाबरायचं नाही, यावरच तर त्यांचा सगळा संसार उभा होता.

अक्षय्य तृतीया आली. पत्तीदार सकाळपासून ओट्यावर जमले होते. घरात पुरण शिजत होतं, कारण वासू त्याच दिवशी यायचा होता. दुपारी खाडीच्या तोंडाशी एक शीड दिसलं. एकच. ते फाटलेलं होतं. जवळ आल्यावर कळलं, ती कमळजा होती.

इस्माईल तांडेल ओट्याची पायरी चढला. त्याच्या हातात एक जड पिशवी होती. ती त्याने भिवशेटांपुढे ठेवली.

"लक्ष्मीप्रसादचो वाटो," तो म्हणाला. "पुरो आसा."

"आणि गलबत?" भिवशेटांनी विचारलं.

इस्माईल पायरीवरच बसला. मग त्याने सांगितलं. दोन्ही गलबतं एकाच दिवशी परत निघाली होती. निघण्याआधी लखमा ही पिशवी घेऊन कमळजावर आला. म्हणाला, माझ्या गलबतावर नको, तुझ्या गलबतावर ठेव, वाटा चुकला तर माझी भाकरी गेली. अर्ध्या वाटेवर वारा उठला.

"तेका वादळ म्हणूचा नाय," इस्माईल म्हणाला. "आमचा शीड फाटला तितक्याच. लक्ष्मीप्रसादचो तळच उघडलो. आमी दोर टाकीपर्यंत वर कायच उरला नाय. दिवस मावळीपर्यंत फिरलांव. एक पन माणूस गावलो नाय."

आत पुरण ढवळण्याचा आवाज थांबला. भिवशेटांना राग आला, कारण रागाशिवाय हाताशी दुसरं काही नव्हतं.

"तुका दिसत होता ना सगळा?" ते ओरडले. "मग माझ्या पोराक तुझ्या गलबतार कित्याक घेवक नाय?"

"बोलावलंय तेका, शेट," इस्माईल म्हणाला. "लखमान पन सांगितल्यान, जा म्हणान. पोर हसलो. म्हणालो, मी उतरलंय तर लोक म्हणतले, शेटच्या पोराकच भरवसो नाय. पत्तीचो भाव पडात."

आतून वासूच्या आईचा हंबरडा ऐकू आला तेव्हा पत्तीदार एकेक करून उठले आणि खाली मान घालून घरी गेले. पिशवी तशीच ओट्यावर पडून राहिली.

पुढच्या काही दिवसांत मात्र ते सगळे परत आले. कोणी सकाळी आला, कोणी तिन्हीसांजेला, आणि आपापला वाटा मोजून घेऊन गेला. पोट कोणाला चुकलं आहे? आवडाबाईही आल्या. आता त्यांची पत्ती दर्याच्या तळाशी होती. हा त्यांचा शेवटचा वाटा. तो पदरात बांधताना त्यांना रडू फुटलं. लखमाच्या बायकोला कसलाच वाटा नव्हता. तिची तिथे पत्ती नव्हती, नुसता नवरा होता.

पिशवीत शेवटी भिवशेटांचा वाटा उरला. तो सगळ्यांत मोठा होता. दरसालपेक्षा थोडा अधिकच होता. त्यांनी तो उचलला नाही.

ते ओट्यावरून खाली उतरले, वहाणा काढल्या आणि जन्मात पहिल्यांदा चिखलातून चालत किनाऱ्यावर गेले. लक्ष्मीप्रसाद शाकारलेलं असे ती जागा त्यांना एका कोळिणीला विचारावी लागली. खडकाला टेकलेली ती फळी अजून तिथेच होती. वरून ती गुळगुळीत होती, चांगल्या सागाची दिसत होती. भिवशेटांनी तिच्यावर बोट टेकवलं. सुरीची गरज लागली नाही. बोट आत गेलं, आणि भुसा झरझर खाली पडू लागला.

ते तिथेच चिखलात बसले. भरतीचं पाणी गुडघ्यांपर्यंत आलं तरी ते उठले नाहीत. शेवटी इस्माईलनेच त्यांना हाताला धरून घरी आणलं.

तात्पर्य: नुसतं धरून बसणं म्हणजे सबुरी नव्हे, हाती येणारा वाटा वेळ पडल्यास सोडता येणं, ही खरी सबुरी. जो तळ न पाहता वाटाच मोजतो, तो नफा खात नसतो, आपल्याच माणसांच्या पायाखालची फळी खात असतो.