परातीवरचा फेस

फार पूर्वी, साबणाची वडी अजून कुणी डोळ्यांनी पाहिली नव्हती तेव्हा, डोंगरातल्या एका गावात एक चलाख सून राहत होती. चलाख असणं काही वाईट नाही. पण आपण चलाख आहोत हे हिला फार लवकर कळलं होतं, आणि तेवढंच जरा अडचणीचं झालं होतं.

तिचं नाव गिरजा. तिच्या सासरी एक मोठा मान होता. गावाची देवी डोंगराच्या पोटात, एका गुहेत बसलेली; ती गुहाच गावाचं देऊळ. गुहा आत जाऊन एकदम वळायची, त्यामुळे दारातून देवी दिसायची नाही, आणि वळणाच्या पुढे गुरवाशिवाय कुणाला जायला जागाही नव्हती. म्हणून वर्षातून एकदा, चैत्राच्या जत्रेला, गुरव त्या वळणावर तांब्याची एक भलीमोठी परात उभी करायचा. सकाळचं ऊन दारातून आत शिरायचं, परातीवर पडून वळायचं आणि थेट देवीच्या तोंडावर जायचं. दारात उभ्या असलेल्या माणसांना परातीत देवीचा मुखडा दिसायचा. जत्रेचे चारच दिवस ऊन इतकं आत येई. एरवी वर्षभर आत अंधारच.

ही परात उजळण्याचा मान गिरजाच्या घरचा. वर्षभर त्याच परातीत देवीचा अभिषेक चाले, त्यामुळे तिच्यावर तुपातेलाचे थर चढत आणि तांबं काळंनिळं पडे. गिरजाच्या सासूनं मरण्याआधी तिला सगळं नीट शिकवलं होतं. पहिल्या दिवशी बाभळीची वस्त्रगाळ राख आणि नारळाची शेंडी. त्यानं ओशटपणा जातो. परात धुवायची, उन्हात खडखडीत वाळवायची. दुसऱ्या दिवशी चिंचेचा कोळ आणि मीठ. त्यानं काळेपणा जातो. पुन्हा धुवायची, पुन्हा वाळवायची. तिसऱ्या दिवशी रिठ्याचं पाणी, आणि शेवटी जुन्या धोतराच्या मऊ फडक्यानं पुसायची.

"तीन दिस लागत्यात," सासू म्हणाली होती. "दोन न्हाईत आन् चार न्हाईत."

पहिल्या वर्षी गिरजानं सांगितल्याबरहुकूम केलं. परात लखलखली, लोक खूश झाले. पण तीन दिवस एकाच परातीपुढे बसून तिचा जीव अगदी मेटाकुटीला आला.

मग एकदा स्वयंपाकघरात काय झालं, राखेच्या वाडग्यात तिच्या हातून चिंचेचं पाणी सांडलं. वाडगं फसफसलं! बुडबुडे काठापर्यंत चढले. तिनं गंमत म्हणून चिमूटभर पापडखार टाकला, तर फेस उतू जाऊन पाटावर आला. गिरजा बघतच राहिली. राख साफ करते, चिंचही साफ करते, आणि दोघी एकत्र आल्या की हे असं उसळतं! म्हणजे एकत्र किती साफ करत असतील? तिनं त्यात रिठ्याचं पाणीही ओतलं आणि त्या लगद्यानं एक तांब्या घासला. तांब्या चमकला. तो आदल्या दिवशीच घासलेला होता, हे मात्र तिच्या ध्यानात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी नदीवर तिनं चार बायकांसमोर तो खेळ करून दाखवला.

"अगं बया! काय फेस गं ह्यो!"

"जित्ता हाय जनू!"

"आता तीन दिस कशाला?" गिरजा म्हणाली. "एका दुपारीत परात हुईल."

बायकांनी माना डोलावल्या. फेस दिसला की माणसाला काहीतरी होतंय असं वाटतं, आणि काम झालं की नाही हे विचारायचं राहून जातं.

जत्रा जवळ आली. परातीसाठी राख द्यायची ती ठमाबाईनं, अशी रीत होती. ठमाबाई गावाच्या कडेला एकटीच राहणारी, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. बाभळीचीच लाकडं जाळून ती राख चार वेळा पातळ कापडातून गाळायची. राख अशी की बोटांत धरली तर पिठासारखी. या राखेपायी तिला एकच गोष्ट मिळायची: पहिल्या दिवशी परातीसमोर सगळ्यांत पुढे उभं राहायचा मान. त्यासाठी ती वर्षभर राख जपायची. तिनं पाटी आणून दिली, तेव्हा जत्रेला तीन दिवस होते.

"येळेवर आनली बग," ठमाबाई म्हणाली.

"ठेव तिकडं मावशी. घाई न्हाई."

आणि खरंच, गिरजानं घाई केली नाही. पहिला दिवस तिनं बांगड्या भरण्यात घालवला, दुसरा माहेरच्या पाहुण्यांशी गप्पा मारण्यात. तिसऱ्या दिवशी दुपारी तिनं पदर खोचला. सगळी राख, सगळी चिंच, मीठ, रिठे, वर मूठभर पापडखार, असं सगळं एका घमेल्यात कालवलं. फेस असा आला की घमेलं दिसेना. तिनं तो हातांनी परातीवर थापला आणि ऐटीत बसून राहिली.

फेस बसला. तिनं परात धुतली.

परात होती तशीच होती. उलट वर एक चिखलट पापुद्रा चढला होता. मध्ये दोनचार फिकट पट्टे, बाकी तेलकट आणि काळं. तिनं शेंडी घेऊन घासायला सुरुवात केली. दिवेलागण होईपर्यंत घासलं, हाताची सालं निघाली. पण घासायला सुटी राख उरली नव्हती की चिंच उरली नव्हती. सगळं त्या लगद्यात गेलं होतं आणि लगद्यात काही दम नव्हता.

सकाळी जत्रा भरली. लांबलांबून माणसं आली होती, कुणी दोन दिवस चालून, कुणी म्हाताऱ्यांना पाठीवर घेऊन. गुरवानं परात उभी केली. ऊन आत आलं, परातीवर पडलं, आणि तिथंच थबकलं. परातीत एक तांबूस डाग दिसत होता. डोळे नाहीत, नाक नाही, काही नाही. लोक माना पुढे काढून बघत राहिले. मग कुणीतरी हळूच म्हणालं, "दिसत न्हाई." आणि ते शब्द दारापासून पार पायऱ्यांपर्यंत पसरत गेले. थोड्या वेळानं ऊन सरकलं आणि आत अंधार झाला.

पाटलांनी गिरजाला पुढे बोलावलं.

"गिरजा, ह्ये काय झालं?"

सगळा गाव तिच्याकडे बघत होता. नदीवरच्या त्या चौघीही होत्या. समोरच, सगळ्यांत पुढे, ठमाबाई उभी होती, नवं लुगडं नेसून.

"राख कच्ची व्हती," गिरजा म्हणाली. "अर्धी जळल्याली. म्या काय करनार?"

ठमाबाईनं तिच्याकडे पाहिलं. रागावून नाही; नीट ऐकू आलं की नाही याची खात्री करावी तसं पाहिलं. मग ती एवढंच म्हणाली, "माझी राख?"

"ठमे, पुढल्या वर्सापास्नं तुझी राख नगं," पाटील म्हणाले. "आन् तू हितं पुढं हुबी ऱ्हाऊ नगंस."

ठमाबाई गर्दीतून वाट काढत मागे गेली. लोकांनी बाजूला होऊन तिला वाट दिली, जरा जास्तच.

गिरजाला वाटलं होतं, आता सुटल्यासारखं होईल. तसं झालं नाही.

"अजून तीन सकाळी हायेत," पाटील तिला म्हणाले. "दुसरीकडची राख आन. निदान चवथ्या दिसाला तरी देवी दिसू दे."

गिरजा घरोघर फिरली. राख प्रत्येक चुलीत होती, पण ती गोवऱ्यांची, खड्यामातीची. तिनं आधी आपल्या घरच्या एका तांब्यावर लावून पाहिली. तांब्यावर बारीक बारीक ओरखडे उठले. परातीवर असे ओरखडे उठले तर देवीचा मुखडा यंदाच काय, पुढंही कधी धड दिसायचा नाही. लोहाराकडची राख पाहिली, ती काजळीनं माखलेली. दुपार कलायला लागली. आजच राख लागली तर उद्या चिंच, परवा रिठे. आज हुकलं तर सगळंच हुकलं.

गावात चांगली राख एकाच घरी होती. तिथं जाऊन ती मागायची, म्हणजे ती चांगली होती हे कबूल करायचं. न मागावी, तर ओरखडे. गिरजा ठमाबाईच्या वाटेवरून दोनदा परत फिरली. तिसऱ्यांदा दारात जाऊन उभी राहिली.

ठमाबाई नवं लुगडं घडी करून ठेवत होती.

"मावशी, राख पायजे."

"माझी? ती तर कच्ची हाय न्हवं?"

गिरजा खाली बघत म्हणाली, "न्हाई. राख चांगली व्हती. म्याच समदं एकदम कालवलं. लई फेस आला. मला वाटलं, लई साफ हुईल."

"राख आन् चिंच एकत्र कालवलीस?" ठमाबाईला हसावं की रडावं कळेना. "अगं, त्या दोघी म्हंजी एका घरातल्या जावा. येगयेगळ्या येळी चुलीम्होरं गेल्या तर दोघींचा सैपाक झ्याक. एकदम गेल्या की भांडत बसत्यात, आन् मानसं उपाशी. तुला दिसला त्यो फेस म्हंजी त्यांचं भांडान व्हतं."

"माझं चुकलं, मावशी."

"मला कशाला सांगतीस?" ठमाबाई म्हणाली. "माझी राख कशी हाय, ते मला ठावंच व्हतं. ज्यास्नी ठावं न्हाई, त्यास्नी सांग."

असं म्हणून तिनं आतून राखेची पाटी आणली आणि गिरजाच्या डोक्यावर दिली. सांगितलंस तरच देते, असं ती म्हणाली नाही. म्हणाली असती तर गिरजाला फार सोपं गेलं असतं.

वाट दोन ठिकाणी फुटत होती. एक मागच्या बाजूनं घरी जायची, एक देवळाच्या अंगणातून. गिरजा अंगणातून गेली. पाटील, गुरव, पाहुणे, सगळे जेवायला बसले होते. डोक्यावरची पाटी न उतरवता ती पंगतीच्या मधोमध उभी राहिली आणि म्हणाली, "ही ठमामावशीची राख हाय. परातीला पन हीच लावली व्हती. राख कच्ची न्हवती. म्या दोन दिस वाया घालवले, समदं एका दुपारीत उरकाय गेले, आन् वर खोटं बोलले."

घास हातात धरून लोक बघत राहिले. मग बोलायला लागले, आणि बरंच बोलले. गिरजानं ते उभ्यानं ऐकून घेतलं. पाटील सर्वांत शेवटी बोलले.

"ह्ये तीन दिस परात तूच उजळ. हितंच, अंगनात बसून. त्याच्याफुडं ह्यो मान ठमाबाईचा. तू तिला राख गाळून द्यायची."

गिरजा तिथंच बसली. त्या दिवशी राख. दुसऱ्या दिवशी चिंच. तिसऱ्या दिवशी रिठे. एक जिन्नस पुरता धुऊन गेल्याशिवाय तिनं दुसऱ्याला हात लावला नाही. हळूहळू काळेपणाखालून तांबं वर आलं. पण तोवर अंगण रिकामं होत होतं. लोकांना शेतं होती, गुरं होती. किती दिवस थांबणार? तिच्या डोळ्यांदेखत एकेक बैलगाडी जुंपली जात होती.

चौथ्या सकाळी ऊन परातीवर पडलं आणि सपकन वळलं. देवीचा मुखडा दिसला: डोळे, नथ, कपाळावरची चिरी, सगळं. ठमाबाई सगळ्यांत पुढे होती. तिनं हात जोडले आणि ऊन सरकेपर्यंत ते खाली केले नाहीत. तिच्यामागे पन्नासएक माणसं होती. पहिल्या दिवशी हजार होती.

पुढच्या वर्षी परात ठमाबाईनं उजळली. राख गिरजानं दिली, चार वेळा गाळून. जत्रेच्या पहिल्या दिवशी मात्र गिरजा देवळात गेली नाही. ती वेशीवर उभी राहिली आणि येणाऱ्या प्रत्येक गाडीला सांगू लागली, "गेल्या वर्सी माज्यामुळं तुमचं दर्शन हुकलं. यंदा परात चांगली हाय. चला, देवी दिसंल."

कुणी तिला चार शब्द सुनावले. कुणी हसून म्हणालं, "जाऊ दे गं, देवी काय पळून जातीया व्हय?" बऱ्याच जणांना तर आठवतही नव्हतं.

मग एक बाई आली, एकटीच, पायी. गिरजानं तिलाही तेच सांगितलं. बाई थांबली.

"गेल्या वर्सी माझा बा आला व्हता," ती म्हणाली. "त्याला पाठीवर घेऊन आलो व्हतो आमी. त्याला एकदा बगायची व्हती देवी." डोक्यावरचा पदर सारखा करत ती म्हणाली, "श्रावनात गेला त्यो."

मग ती बाई देवळाकडे चालू लागली. गिरजा तिच्या पाठीकडे बघत उभी राहिली, आणि मागून आलेल्या गाडीला सांगायचं त्या वेळी तिच्याकडून राहून गेलं.

तात्पर्य: राख, चिंच, रिठे, तिन्ही चांगलीच, पण ज्याला जितका वेळ लागतो तितका द्यावाच लागतो. आणि घाई आपली असेल, तर दोष राखेला देऊ नये. चूक कबूल केली की ती पुढे सुधारते; पण मध्ये ज्यांचा वेळ गेला, त्यांना तो परत देता येत नाही.