दगडीपाल्याची पारख

निवांत महाराजांचा मुक्काम त्या दिवसांत बोरजाई गावी, ओढ्याकाठच्या देवळात होता. राही धनगरीण रोज सकाळी देऊळ झाडायची, महाराजांच्या पायांवर डोके ठेवायची आणि मग मेंढरांमागे जायची.

त्याच गावात धुंडिराजशास्त्री वैद्य होते. हाताला गुण होता, पण अभिमान त्याहून दांडगा. त्यांची नात यमुना हिच्या पायात बाभळीचा काटा मोडला आणि जखम चिघळली. शास्त्रीबुवांचे लेप चालू होते, तरी पू थांबेना. पोर तापाने फणफणली. पाय जातो की पोरच जाते, अशी पाळी आली तेव्हा शास्त्रीबुवा महाराजांना साकडे घालायला देवळात आले. गावची मंडळी जमली होती, त्यांत राहीही होती.

राहीच्याने गप्प बसवेना. "मेंढरास्नी लागलं का म्या दगडीपाल्याचा रस लावते. पोरीला लावून बघा की."

"पाला चोळून जखमा भरत्या, तर गावची गाढवे धन्वंतरी झाली असती," शास्त्रीबुवा म्हणाले. "मेंढीला चालले ते माझ्या नातीला चालेल कशावरून? पारखल्याशिवाय मी थेंब लावू देणार नाही."

मंडळी हसली. राहीला हसण्याचे दुःख नव्हते. पोर हातची जाईल याचे होते.

महाराज म्हणाले, "बोलणे तिखट, पण मुद्दा खरा. पारख झालीच पाहिजे. माझ्या पायावर करा."

त्यांनी घोंगडीखालून पाय पुढे केला. काय सांगावे! सकाळी राहीने ज्या धडधाकट पायावर डोके ठेवले होते, त्यावर यमुनेसारखीच जखम, तशीच सूज, तसाच पू!

"वरच्या अर्ध्या जखमेला तुमचा लेप, खालच्या अर्ध्या जखमेला हिचा रस. धुवायचे मात्र एकाच उकळलेल्या पाण्याने."

राही पाला वाटून घेऊन आली, पण लावीना. "म्हाराज, माझ्या रसानं वंगाळ झालं तर?"

"तर तेही कळेल. लाव."

हळूहळू खालचा पू आटला, तांबूस मांस धरू लागले. वरचा भाग ठणकतच राहिला. शास्त्रीबुवांनी लेप बदलून पाहिले, उतार पडेना. अखेर ते नातीला खांद्यावर घेऊन राहीच्या खोपटाशी आले आणि म्हणाले, "राहीबाई, लावा." एरवी 'अगं ए' म्हणणारे शास्त्रीबुवा! राहीने देवाचे नाव घेऊन रस लावला. ताप उतरला, सूज ओसरली, आणि एका सकाळी यमुना आजोबांचे बोट धरून देवळाची पायरी चढली.

महाराजांची वरची जखम अजून वाहत होती. राहीने रोज विनवले होते, पण ते म्हणत, "पोर चालू लागेपर्यंत असू दे. शास्त्रीबुवांना फरक डोळ्यांसमोर हवा."

शास्त्रीबुवा त्या पायाजवळ बसले. "नुसता हात फिरवला असता, तरी पोर बरी झाली असती, महाराज. हे का सोसलेत?"

"मग एकटी यमुनाच बरी झाली असती. मी आज आहे, उद्या नाही. पाला दर पावसाळ्यात उगवतो, त्याची ओळख गावाला राहू दे."

शास्त्रीबुवांनी राहीकडून पाला मागून घेतला आणि तिला विचारत विचारत स्वतः वाटला. उरलेल्या जखमेवर थेंब थेंब रस सोडला आणि त्या पायाशी डोके टेकले. उठले ते राहीपुढे वाकले. ती बिचारी अवघडून मागे सरत म्हणाली, "आधी पोरीचा पाय धुवा, तिला रस लावायची येळ झाली."

शास्त्रीबुवा पाणी उकळायला गेले.