बुजवलेल्या विहिरी

पूर्वी मरुभूमीच्या कडेला उद्दालनगरीत पुढे राजा झालेल्या उग्रायुधाचा पिता राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका गवतकाप्याच्या घरी जन्माला आले. नाव भद्रिल. बाप सैन्याची रसद वाहताना मेला, आई लोकांची दळणे दळून खंगली. दोन वेळचे पोटाला मिळेल म्हणून सोळाव्या वर्षी भद्रिल सैन्यातल्या कुदळवाल्यांत भरती झाला.

त्या सैन्याची एक रीत होती. मोहिमेच्या वाटेवर विहीर लागली की सगळ्यांनी पाणी प्यायचे, पखाली भरायच्या आणि विहीर दगडमातीने बुजवायची. मागून शत्रू येऊ नये म्हणून! आपल्यालाही याच वाटेने परतायचे आहे, हे कोणी बोलायचे नाही. परतीचे नाव काढणे म्हणजे अपशकुन. आता अशा शहाण्यांना काय म्हणावे?

एका गावात म्हातारीने भद्रिलाचा हात धरला. "लेकरा, उद्या मी काय पिऊ रे?" त्याने हात सोडवून घेतला आणि दगड टाकला. हुकूम होता.

सैन्य हरले. परतताना तीच वाट आणि त्याच विहिरी. भद्रिलाचा जिवलग सोबती खेमक नखांनी दगड उपसता उपसता तहानेने मेला. भद्रिल कसाबसा घरी पोचला, तर आई आधीच गेलेली.

पुढे सचोटीने वागत तो चढत गेला आणि उग्रायुध गादीवर आल्यावर त्याचा मंत्री झाला. पाण्याचा तंटा आला की तो आधी त्या गावी जाऊन तिथले पाणी पिई आणि मगच निवाडा देई. लोक हसत.

मग उग्रायुधाने त्याच वाटेने मोहीम काढली. भद्रिल म्हणाला, "महाराज, जायचे तर जा, पण विहिरी बुजवू नका. मी माझ्या हातांनी बुजवल्या आहेत. परतताना माणसे तडफडून मेली."

"निघतानाच परतीची भाषा? भद्रिला, तुझ्या जिभेला काही हाड आहे का?" राजा ओरडला आणि त्याला मंत्रिपदावरून काढून टाकले.

सैन्य गेले. साठीच्या भद्रिलाने कुदळ घेतली आणि तो मागोमाग निघाला. गावोगाव त्याने हाका मारल्या, पण राजाच्या भीतीने कोणी आले नाही. एकोणीस दिवसांत एकच विहीर मोकळी झाली, आणि तिलाही दिवसाकाठी घडाभर गढूळ पाणी. काठावर बसून तो ढसढसा रडला. एवढा जन्म घालवला आणि हाती काय, तर एक घडा!

हरलेले सैन्य आले तेव्हा बहुतेक जण पलीकडच्या बुजवलेल्या विहिरींवरच मरून पडले होते. राजा रांगत आला. भद्रिलाने ओंजळ ओंजळ पाणी वाटले. ज्याला उठवत नव्हते त्याला आधी, राजालाही तेवढेच, स्वतःला थेंबही नाही. एकतीस जण वाचले. राजाने त्याचे पाय धरले.

पुढच्या वर्षी त्याच राजाने पुन्हा मोहीम काढली. हुकूमही तोच. भद्रिलाने पुन्हा कुदळ उचलली आणि तिसऱ्या विहिरीत दगड उपसतानाच त्याचा प्राण गेला.

पूर्वजन्मीची ही कथा भिक्षूंना सांगून शास्ता भगवान म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा राजा उग्रायुध म्हणजे कोपऱ्यात डोळे पुसत बसलेला हा उत्तिय. खेमक म्हणजे रोज अंगण झाडणारा आपला सुजात. भद्रिल मीच होतो. आणि ज्यांच्यापर्यंत माझी ओंजळ पोचली नाही, ते तुम्ही सगळे."

"त्या ओंजळीलाच करुणा म्हणतात," शास्ता म्हणाले. "ती पुरत नाही. तरी करावी लागते."