इंद्रधनुषी बोआचे रंग

दूर दक्षिण अमेरिकेत, जिथे घनदाट जंगल संपून सोनेरी गवताचं माळरान सुरू होतं, तिथे जांदिरा नावाची मुलगी मावशीकडे राहायची. तिला आई नव्हती. मावशीची लेक मोएमा हिला सणाला लालचुटूक फ्रॉक यायचा आणि जांदिराच्या वाट्याला तिचाच जुना, विटलेला. जांदिरा होती मायाळू. घरट्यातून पडलेलं पिल्लू अलगद उचलून ठेवायची. पण तो लाल फ्रॉक दिसला की तिचा जीव नुसता जळायचा.

सणाच्या सकाळी मावशीने तिला फळं वेचायला जंगलात पाठवलं. तिथे तळ्याकाठी, उन्हाच्या कवडशात एक मोठी सापीण वेटोळं घालून पहुडली होती. अंग तांबूस तपकिरी, पण त्यावर निळ्या, हिरव्या, जांभळ्या रंगांच्या लाटा चमचमत होत्या. लोक तिला इंद्रधनुषी बोआ म्हणत. तिला विष नाही, हे तिथल्या पोरासोरांनाही ठाऊक होतं.

"सापालासुद्धा एवढे रंग," जांदिरा पुटपुटली, "आणि मला एकही नाही."

तेवढ्यात कमळाच्या पानावरून बोटाएवढी इवलीशी परी उठली. तिचे पंख दवासारखे लुकलुकत होते.

"एक इच्छा माग," ती म्हणाली. "पण मी नवे रंग घडवत नाही, एकाचे काढून दुसऱ्याला देते. परत करायचे तर सूर्य मावळायच्या आत. मग दुसरी इच्छा मिळणार नाही."

जांदिराने मान खाली घातली. "तिचे रंग मला दे."

विटका फ्रॉक झळझळून उठला. गावात सगळे तिच्याभोवती जमले. मावशीने पहिल्यांदाच हात धरून तिला पुढे बसवलं. मोएमा कोपऱ्यात मुसमुसत राहिली, आणि जांदिराला फार बरं वाटलं.

दुपार कलल्यावर आपलं रूप पाण्यात पाहायला ती तळ्यावर आली. सापीण राखेसारखी करडी पडली होती. तिची चिमुकली पिल्लं गवतात सैरावैरा फिरत होती. चकाकी दिसेना, म्हणून ती आईला ओळखेनात. तिने मान उचलली की घाबरून दूर पळत. आई समोर होती, तरी त्यांना सापडत नव्हती.

जांदिरा मटकन खाली बसली. संध्याकाळी नाच होता. सगळे पुन्हा तिच्याकडेच पाहणार होते. तिने फ्रॉक मुठीत घट्ट धरला. ऊन झाडांच्या शेंड्यांवर गेलं.

"परी, तिचे रंग तिला दे," ती शेवटी म्हणाली.

"तुला वाईट नाही वाटणार?"

"वाटेल. तरी दे."

सापीण झगमगली आणि पिल्लं सळसळत तिच्या वेटोळ्यात शिरली. परीने जांदिराच्या बोटांना हलकेच स्पर्श केला. "इच्छा तर संपली. हे मात्र मी माझ्या मनाने देते." जांदिराने सहज गवताची काडी पिळली, तर ती निळी, हिरवी, जांभळी होत गेली. तिने वर पाहिलं, तोवर परी तिरप्या सोनेरी उजेडात विरघळून गेली होती.

वाटेत जांदिराने एक कडं विणलं. घरी मोएमा सुजलेल्या डोळ्यांनी बसली होती. जांदिराने ते तिच्या मनगटात चढवलं आणि मग स्वतःसाठी दुसरं विणायला घेतलं.